कूलर बंद करून

नवतपा लागला त्या दिवशी आम्ही सहावं गाणं धरलं.
हिंगणा रोडला, बोपचेकाकांच्या कूलरच्या कारखान्यामागे
पत्र्याची खोली, भिंतींना जुन्या गाद्या ठोकलेल्या.
बाहेर सत्तेचाळीस.
आत कूलर चालू असला तर श्वास घेता येतो,
आणि कूलर चालू असला तर रेकॉर्डिंग होत नाही.
हवा, नाहीतर शांतता.

पहिल्या अल्बमच्या वेळी आम्ही शांततेला घाबरायचो.
कुठे फट दिसली की गिटार कोंबायचो,
वरातीच्या बसमध्ये ऐनवेळी पाहुणे कोंबतात तशी.
मी पहिल्या मिनिटापासून ओरडायचो,
एकोणचाळीस मिनिटं,
जणू समोर कुणी कमी ऐकू येणारं बसलंय.
लोक म्हणाले, भारी आहे बे.
घरी जाऊन कुणी पुन्हा लावलं नाही.

यंदा मृणाली पराते म्हणाली, थांबून पाहू.
बेसच्या तारेला ती अंगठा नुसता टेकवते,
सुराआधी लाकूड ऐकू येतं.
गोळीबार चौकात तिच्या बाबांचा माग होता.
ते म्हणायचे, ताणा भरायला चार दिवस जातात पोरी,
त्या चार दिवसांत कापड दिसत नाही कुणाला,
म्हणून काय ते विणणं नव्हे?
तर आम्ही ताणा भरत बसलो.
तीन सूर. परत तेच तीन.
चौथा हळूच, कोराडीच्या धुरासारखा,
जो हलत नाही असं वाटतं
आणि मान वळवून पाहावं तर अर्धं आभाळ त्याचं.

प्रशिक गजभियेला सगळ्यात जड गेलं.
अजनीच्या लोको शेडमध्ये फिटर तो,
दिवसभर इंजिनांच्या पोटात हात,
संध्याकाळी ड्रमवर बसला की धडकायचंच असतं त्याला.
आम्ही त्याला चौथ्या मिनिटावरून सहाव्यावर ढकललं.
काठ्या मांडीवर ठेवून तो घामात बसून राहायचा,
ओठांनी मोजत.
एकदा चिडला, मग मी कायले आलो बे?
दुसऱ्या दिवशी स्वतःच म्हणाला, सहा वीस करा.
मालगाडी निघताना आधी कपलिंगा ताणल्या जातात,
एकेक डबा, मागे, आणखी मागे, खण् खण् खण्,
चाक त्याच्यानंतर हलते.
तेवढं येऊ द्या.

माझं काय झालं तेही सांगतो.
माझे शब्द आधी निम्मे झाले, मग चार ओळी, मग एक.
पुसताना वाईट वाटलं नाही असं नाही,
दोनशे पानी वही होती माझी.
शेवटी उरला एक ‘आ’, नवव्या मिनिटाला,
तोही माइकपासून दहा पावलं लांब, दाराकडे तोंड करून.
माझा आवाज मला
पहिल्यांदाच खोलीपेक्षा लहान ऐकू आला.
बरं वाटलं. का ते माहीत नाही.

लाल दिवा दिसला की बोपचेकाका पत्रा ठोकणं थांबवायचे.
हंगामाचे दिवस, दारात गिऱ्हाईक,
तरी हातोडा वर धरून उभे.
सातव्या टेकनंतर आत आले, दुपट्ट्याने मान पुसली,
म्हणाले, मोठं वाजते ते चांगलंच हाय,
पण वाजायच्या आधीचं जास्त वाजून राहिलं बापा.

मिक्स करताना सापडलं:
सहा मिनिटं दोन सेकंदांवर
बंद कूलरच्या ओल्या गवतातून
एक थेंब पडलाय टाकीत.
कामठीचा अनीस म्हणाला, काढतो, मिनिटाचं काम आहे.
मृणाली म्हणाली, हात नको लावू.
तासभर भांडलो. तर्री-पोहे आले, थंड झाले.
मग पुन्हा सगळं पहिल्यापासून लावलं,
ऐकायलाही कूलर बंदच.
तीन सूर. तेच तीन. धूर.
टप.
आणि प्रशिकची पहिली थाप पडली तेव्हा कळलं,
थेंबानंतरचे अठरा सेकंद
पाचही जणांनी श्वास घेतला नव्हता,
पाचवे बोपचेकाका, दारात, एक चप्पल हातात.

कुणीतरी उठून कूलर लावला.
सुरुवातीला तो गरम हवाच फेकतो,
गवत भिजेपर्यंत.
आम्ही बसून राहिलो.