डाग

देवकाआत्याचे डाग किती, कोणाकडे,
अशी चौकशी निघाली तेराव्याला.
पोत असेल म्हणे. पाटल्या तर होत्याच,
आजोबांनी सावद्याच्या सोनाराकडून करून आणलेल्या,
चार बायकांनी पाहिलेल्या.

पाटल्यांची दुर्बीण झाली होती.
भुसावळला, रेल्वेतून रिटायर झालेल्या एका गार्डाकडून,
कातडी पेटीसकट.
मला ठाऊक होतं, कारण तिच्यातूनच मी
हतनूरच्या पाण्यावर पहिल्यांदा पट्टकादंब पाहिले,
हिमालय ओलांडून आलेले, शांत बसलेले,
आणि ओरडलो.
पाठीत धपाटा बसला.
"पाह्य नं नुसतं. तुले बोलाले कोनं सांगितलं?"

चित्रकलेची बाई होती ती, फैजपूरच्या शाळेत.
सहामाहीला मला सोळा मार्क दिले, सख्ख्या भाच्याला.
आंबा काढला होता मी.
"कोन्या झाडाचा?" तिने विचारलं.
मला सांगता आलं नाही.

कागद तिला आवडायचा नाही.
कागद लगेच हो म्हणतो, म्हणायची.
तिला लागायचं आजोबांचं जुनं धोतर
आणि केळीचा चीक.
घड कापला की मळ्यात जाऊन उभी राहायची,
दांड्यातून टपकणारं ते पाणी
आयोडेक्सच्या बाटलीत धरायची,
बाभळीचा काटा बुडवून काढत बसायची बांधावर.
काढताना काहीच दिसायचं नाही.
ओली रेघ, वाळली की गेली.
"आता?"
"आता कळ काढ."
दोन-तीन दिवसांनी, ऊन लागलं की,
धोतरावर हळूहळू तपकिरी उमटायचं:
घोरपडीची शेपटी,
पालच्या बाजारात टोपली विकणारी पावरीण,
सुकीच्या कोरड्या पात्रात एकटा बगळा.
खाली कोपऱ्यात, दे. टो. फिरके.

आई वैतागायची.
हे डाग पडू नयेत म्हणून आम्ही जन्मभर
मळ्यात जुनेरं नेसून जातो,
आणि ही मुद्दाम पाडते!

रविवारी पहाटेची पालची एस. टी.
साडीवर माझ्या बापाचा शर्ट, पायात कॅनव्हासचे बूट,
फडक्यात कळण्याची भाकरी, वर ठेचा.
गाव म्हणायचं, आडनाव फिरके, म्हणून फिरते.
ती म्हणायची, तुमचंही तेच आहे, मग बसता कायले?
कधी कधी दोन दिवस यायची नाही.
आजोबा ओट्यावर कंदील ठेवायचे,
बोलायचे काहीच नाहीत.
परत आली की शर्टाच्या खिशातून
एक पीस काढून त्यांच्या हातावर ठेवायची,
तेही कोणत्या पाखराचं ते विचारायचे,
आणि ती आधी सांगायची नाही, ओळखा म्हणायची.

माझ्या लग्नात मात्र जेवायला थांबली नाही.
मंडपामागच्या वडावर हळद्या आला होता.
तो उडाला तशी तीही गेली, त्या दिशेने.
मी बरेच दिवस बोललो नाही तिच्याशी.
ते लिहितो, कारण झालं होतं तसं.

मार्गशीर्षात तिची उजवी बाजू गेली.
शब्द जायचे, अर्धेच यायचे.
एक दिवस डाव्या हाताची चिमूट करून
हवेत काहीतरी काढलं तिने,
आणि मी मळ्यात गेलो, बाटली घेऊन.
काटा धरवेना. बोट बुडवलं.
चादरीवर, या काठापासून त्या काठापर्यंत
एक ओली रेघ नेली.
मग बोट माझ्या शर्टाला पुसलं, आणि निजली.
आई दारात उभी होती. काही बोलली नाही.

त्या धावपळीत चादर धुतली कोणीतरी.
तेराव्याला, आत पाटल्यांचा हिशोब चालू असताना,
अंगणात दोरीवर ती वाळत होती
आणि रेघ आली होती.

मी म्हणतो, सातपुडा आहे,
फैजपूरच्या रस्त्यावरून दिसतो तसा.
ताई म्हणते, मान आहे, लांब, उडत्या पाखराची.
आई म्हणते, हात कापत होता तिचा, दुसरं काय.

आणि दिवस कलला तरी
चादर दोरीवरून काढत नाही.