कौल

खलफाननं बोटीवरच बजावलं होतं,
खाली काही उचलायचं नाही.
मग खजुराचा डबा पुढे केला.
रास अल खैमाचे डोंगर मागे, धुळीत बुडालेले.

बावीस मीटर.
पाणी हिरवं, ताकासारखं गढूळ.
दोरी धरून उतरताना माझ्या पुढचा रोडेल
नुसते दोन पिवळे पंख झालेला.
कान दुखले, नाक चिमटून फुंकलं, सुटले.
खलफानचा पणजा याच पाण्यात
नाकाला शिंगाचा चिमटा लावून, पायाशी धोंडा घेऊन
मोत्यांसाठी जायचा, एका दमात.
माझ्या पाठीवर दोनशे बार हवा,
तीही भाड्याची.

आधी काहीच नाही.
मग एकदम बरगड्या.
गलबत कुशीवर झोपलेलं, सागवान पोखरून चाळणी,
नांगराच्या साखळीवर प्रवाळाचे गळू.
कुणी म्हणतं शंभर वर्षं झाली, कुणी दीडशे.
नाव कुणालाच ठाऊक नाही.
तांडेलाचं तर नाहीच.

खणाच्या तोंडाशी हेकरू,
इथं त्याला हमूर म्हणतात,
उधारी मागायला आलेल्याकडे
पेढीवरून बघावं तसा बघत राहिला.
पाकटानं वाळूची गोधडी अंगावर ओढली.
तांबोशांचा थवा फुटला, पुन्हा जुळला.
फळीखाली शेवंडाच्या मिशा.
आमची सुलभामावशी इथं असती
तर तिनं वाटेच घातले असते,
आणि रोडेलला घासाघीस करू दिली नसती.

मग ती दिसली. कौलं.
उभी रचलेली, ओळीवर ओळ,
अजून उतरवून घ्यायचीच राहिलेली.
आमच्या आचऱ्याच्या शाळेवर होती तसलीच,
ज्यांच्यावरचे चेंडू काढायला
मला चढवायचे, मी हलका म्हणून.

एक सुटं होतं. उचललं.
(खलफान, माफ कर.)
कडेला अंगठा उमटलेला,
माती ओली असताना कुणाचा तरी,
भट्टीत भाजून कायमचा झालेला.
हातमोजा काढून माझा ठेवून पाहिला.
बसला नाही. तो लहान होता.
बाईचा असेल. किंवा पोराचा.

उलटं केलं तर आतल्या खोलगटीत
अंडी, साबुदाण्याहून बारीक,
प्रत्येकात दोन काळे ठिपके, बघणारे.
आणि बोटाएवढा बाप
माझ्या काचेवर धडका देत,
एकदा, दोनदा, सहादा.

ठेवलं परत. तसंच, त्याच कुशीवर.
गावी देवाला कौल लावतात,
उजवी कळी पडली तर होय.
मी तर काही विचारलंही नव्हतं.

रोडेलनं काटा दाखवला. साठ बार.
वर जाताना तीन मिनिटं दोरीला लटकून
बोटांची टोकं बघत बसलो,
पाण्यानं सुरकुतलेली,
एकाएकी फार म्हातारी.

बोटीवर खलफाननं विचारलं, काय पाहिलंस?
हमूर, मी म्हटलं.
मोठा?
मी दोन्ही हात पसरून दाखवला,
सगळे दाखवतात तसा,
थोडा वाढवून.