शून्यापासून मागे

तुल्लियोच्या दुकानात तीन गिरण्या मांडलेल्या
आणि बाहेर बोरा वारा, असा
की दारच आत यायचं म्हणतंय.
"दाणे घालू?" तो विचारतो.
नको. आधी रिकामीच फिरव.

चोवीस वर्षं मी पियानो लावते.
ऐकल्याशिवाय माझा
कशावर विश्वास बसत नाही, कॉफीवरसुद्धा.

घरी जे आहे ते दळत नाही, तोडतं.
एक पातं, गरगर, आंधळी कोशिंबीर.
थोडं पीठ, थोडी भरड,
एकाच कपात कडू आणि आंबट
अबोला धरून बसलेले.
आणि किंचाळतं तर असं
की खालच्या मजल्यावरचे झ्वोनिमीर,
रात्रभर बंदरात क्रेन चालवून
सातला कुठे पाठ टेकलेला माणूस,
झाडूच्या दांड्याने छत ठोकतात.
तीन ठोके. मग एक.
चौथा नेहमी उशिरा येतो. मी मोजलंय.

पहिली गिरणी: दोन सपाट चकत्या, समोरासमोर,
दातांना दात.
दळण चिमटीत घेतलं. रवा, एकसारखा,
एक कण इकडचा तिकडे नाही.
पण सूर वरच्या 'ला'कडे निघालेला
आणि शेवटपर्यंत पोचत नाही.
रोज सकाळी हे? माझ्याच्याने नाही होणार.

दुसरी: मधे शंकू, भोवती कडं.
घरघर खालची, म्हाताऱ्या मांजराची.
आवडली असती.
पण पोटात दोन ग्रॅम दाबून ठेवते,
कालचं आजच्यात मिसळते.
असल्या माणसाबरोबर मी अकरा वर्षं काढलीत.

तिसरी हाताची, मुठीत मावेल एवढी.
पोलादी दात, लांब दांडा,
बुडाशी खटक्यांचं चक्र.
तुल्लियो म्हणाला, "हिला आधी शून्य दाखवायचं.
आत, आणखी आत, दात दाताला लागेपर्यंत.
मग मोजत मागे."
त्याने फिरवलं. मी कान लावला.
आणि ऐकू आलं:
बारीकशी कुरकुर, पोलाद पोलादाला भेटलं ती.

हे मला ठाऊक होतं.
दोन तारा जवळ आणताना स्वर हेलकावतो,
हेलकावे संथ होतात, लांबतात,
मग एकदम पाणी थांबावं तसं.
फक्त तिथे आपण थांबतो.
इथे थांबलं तर काहीच दळलं जात नाही.
एस्प्रेसोला दहा खटके मागे, मोकाला अठरा,
कापडी गाळणीला तीसच्या पुढे.
जेवढं अंतर, तेवढी चव.

मनगटाचं काय, मी म्हटलं. उजवं पोटासाठी आहे,
किल्ली फिरवायला.
तो म्हणाला, "डावं काय करतं?"
डावं इतकी वर्षं
नुसतं पट्टी दाबून वाट बघतं.

घेतली. एकशे तीस युरो,
सुटे चार त्याने सोडले.

मंगळवारी डाव्या हाताने दळलं.
शंभरएक फेरे, मधे दोनदा थांबून.
खिडकीशी, समुद्र पांढरा झालेला.
ठोके नाहीत. बुधवारी नाहीत. गुरुवारीही.
शुक्रवारी दारावर टकटक:
तीन. मग, उशिरा, एक.

झ्वोनिमीर, मोज्यांतच, केस उभे.
"आवाज नाही आला," म्हणाले.
"तीन दिवस नुसता पडून आहे, कान छताला.
म्हटलं, बाई पडली-बिडली की काय."

काय बोलणार. दाणे भरले,
दांडा त्यांच्या हाती दिला.
चाळीस टनांचे कंटेनर
अंड्यासारखे ठेवणारे ते हात.
इतके हळू फिरवत होते
की पाणी उकळून उकळून गार व्हायला आलं.

कॉफी जरा पातळच झाली.
ते म्हणाले, छान आहे.
मी म्हटलं, नाही,
अजून दोन खटके आत घ्यायला हवं.