सहाशे अकरा, सहाशे बारा

कालिन्याच्या आमच्या खोलीला तीन खिडक्या.
मधलीत एसी, आणि उरलेल्या जागेला पुठ्ठा.
त्यामुळे सांताक्रूझला उतरणारं विमान
पहिल्या खिडकीत दिसतं, मग एकदम तिसऱ्या.
चार वर्षं बघतेय.
मध्ये ते पडत नाही, हे मी धरून चालते.

पडद्यावर प्रथिन,
घाईत सोडलेल्या नाडीसारखं, निळं, गुंतलेलं.
त्याच्या खाचेत आमचा रेणू, पिवळा,
एकतीस अणूंचा. नाव नाही अजून. सतरा-ब.
खाली पट्टी, पट्टीवर मणी.
मणी सरकवला की काळ सरकतो.

झुबेर मुकादम नवा आहे, श्रीवर्धनचा.
माउस धरतो सुकाणू धरल्यासारखा, सगळ्या पंजानं.
त्याला दाखवते: हा त्रिकोण, चालू. या दोन काठ्या, थांब.
वेग इथे. फार पळवलंस
तर हिवताप भरल्यासारखं थडथडतं.
आणि पाणी लपव.
पाणी का?
बावीस हजार रेणू आहेत पाण्याचे,
दिसू दिले तर दुसरं काही दिसत नाही.

मग गुळगुळीत करायचं बटण.
पाच-पाच चित्रांची सरासरी, थरथर गेली, छान.
आता जवळ जाऊन बघ:
गिरक्या घेणारे ते तीन हायड्रोजन
सरासरीत आपल्याच कार्बनला चिकटून चेपलेत.
असा रेणू जगात कुठेच नाही.
दिसतो मात्र शहाण्यासारखा.

गेल्या साली कोचरेकर सरांना बैठकीसाठी
पंधरा सेकंद हवे होते.
मी फेऱ्या लावल्या, पुढे, उलट, पुढे,
पाळण्यासारख्या.
सतरा-ब खाचेतून निघायचा, वळून परत यायचा.
समितीतल्या एक बाई म्हणाल्या, म्हणजे येतो तर परत!
सरांनी चष्मा पुसला.
मी टेबलाखालची वायर बघत राहिले.
पैसे मंजूर झाले.

तो येत नाही.
सहाशे बारापासून थेट अडतीसशेपर्यंत तो पाण्यातच आहे,
खोक्याच्या उजव्या भिंतीतून जातो, डावीकडून आत येतो,
कारण जग आम्ही असंच बांधलंय, कडाच नसलेलं.
खाचेच्या तोंडावरून दोनदा गेला.
थांबला नाही.

सहाशे अकराला आत. सहाशे बाराला बाहेर.
झुबेर बाण दाबतो, एक मागे, एक पुढे.
आत. बाहेर. आत. बाहेर.
मॅडम, पण निघाला कधी?
जणू माझ्याच पाळीत गेला.
सांगते: शंभर पिकोसेकंदाला एक चित्र ठेवलं.
डिस्क भरत आली होती. आकडा मीच टाकला.
मधल्या शंभरात कोणती फांदी बाजूला झाली,
यानं आधी कुठला हात सोडवला,
सगळं मोजलं गेलं होतं. लिहिलं गेलं नाही.
मशीनला माहीत होतं,
पुढच्या क्षणी विसरलं.

मधलं भरून काढता येईल ना, सरळ रेषेत?
येतं. त्याचंही बटण आहे.
सतरा-ब भिंतीतून आरपार निघतो,
अणू अणूंमधून, कुणाला धक्का न लागता.
झुबेर हसतो.
मग पुन्हा चालवून बघतो, आणि हसत नाही.

साडेआठ झाले. फिल्म उद्या पुण्याला पाठवायचीय.
मी फेऱ्यांची खूण काढते. सरासरी काढते.
खाचेभोवतीचं थोडं पाणी दिसू देते.
एकदाच चालेल, शेवटच्या चित्रावर थांबेल:
पिवळा कोपऱ्यात,
खाचेत पाण्याचे चार रेणू, येऊन बसलेले.

आणि सहाशे अकरा?
तिथून पुन्हा सोडू, म्हणते, नवे वेग देऊन.
या खेपेला प्रत्येक पिकोसेकंद ठेवू.
रात्रभर चालेल. तोच रस्ता घेईल असं नाही.
निघेलच असंही नाही.

पहिल्या खिडकीत दिवे दिसतात.
झुबेर खुर्ची ढकलून उठतो
आणि मधल्या खिडकीच्या पुठ्ठ्याचा कोपरा
नखानं सोलायला लागतो.