सातवा आकडा

तासाला चौदा चार्ट.
निपाणीत लाइट गेली तरी इन्व्हर्टरवर
मी कुणाकुणाचे डोळे आकड्यांत बसवते.
ई अकरा म्हणजे साखर, दुसऱ्या प्रकारची.
टिंबानंतर तीन : ती डोळ्यांत उतरली.
पाच : नव्या शिरा, कोवळ्या, फुटणाऱ्या.
एक : पडद्यात पाणी.
आणि सातव्या जागी बाजू.
उजवा एक, डावा दोन, दोन्ही तीन,
नऊ म्हणजे डॉक्टरनं लिहिलंच नाही.

नऊ लावला की फाइल परत येते.
चेन्नईचा ऑडिटर तांबड्या अक्षरांत विचारतो, बाजू कुठली?
डोळा आहे तर त्याला बाजू असणारच,
नव्या पोरींना मीही हेच शिकवते.

दिवसा मी झोपायचे
तेव्हा आई सोप्यात विड्या वळायची.
मांडीवर सूप, बोटं चालू,
नजर दाराबाहेर कुठंतरी.
"न बघता हजार वळते आमची आई,"
पाहुण्यांना मी कौतुकानं सांगायचे.

तिच्या बोटांनी तिचे डोळे झाकून ठेवले होते
किती वर्षं, कुणास ठाऊक.
चार्टात बोटांसाठी रकाना नसतो.

मग एकदा ती दातानं दोरा तोडायला गेली
आणि दातांत काहीच नव्हतं.
"हितं लोंबतोय की गं, काळा,"
म्हणून तिनं पुन्हा हवेत हात घातला.
कारखान्याचा दोरा गुलाबी असतो.
सहा वर्षं झाली मला या कामात.
डोळ्यापुढचे काळे धागे
मी रात्रीतनं वीसदा वाचते.

बेळगावला डोळ्यांत थेंब घालून
दोन तास बाकावर बसवलं.
शिवलीला नावाची पोरगी कागद भरत होती
कन्नडमधून, भराभरा, मोठ्यानं :
बलगण्णु. एडगण्णु.
आईचं कन्नड भाजीपुरतं, बसपुरतं.
डोळ्यांचं तिला कुणी शिकवलं नव्हतं.
माझ्या कानाशी येऊन म्हणाली,
"एक बळाचा म्हणत्यात, एक येडा.
त्यातला कंचा ग्येला?"

कागद माझ्या हातात होता.
बल म्हणजे उजवा, एवढंच सांगायचं होतं.
"बळाचा," मी म्हणाले.

ती जरा वेळ पदराची कड चाचपत राहिली.
"जाऊ दे. त्यानं लई काम केलंय.
येड्याला आता शिकवू कायतरी."

त्या रात्री सव्वादोनला एक चार्ट आला,
कुठल्या गावची कोण, बाई, वय एकाहत्तर.
ई अकरा, टिंब, तीन पाच एक,
आणि शेवटी एक.
मी नाव दोनदा वाचलं.
तिला भाषा कुठली येत असेल,
तिला कुणी कसं सांगितलं असेल,
याला आकडा नाही.
मी पाठवून दिला. वेळ : तीन मिनिटं चाळीस सेकंद.

सोप्यातनं कातरीचा आवाज येत होता,
पानं कापल्याचा, सारख्या अंतरानं.
मी उठून बघितलं.
दिवा बंदच होता.