आठळीचं माप

चौतीस फोटो, आणि एकातही पक्षी केवढा ते नाही.
राखी पाठ, पोटाला ओल्या वाळूचा रंग,
चोचीपासून डोळ्यावरून मानेपर्यंत ओढलेली काळी रेघ,
सगळं कसं लख्ख.
पण मागे नुसता खडक,
आणि खडकाला माप नसतं.
कोंबडीएवढा आहे म्हटलं
तरी फोटो नाही म्हणत नाही.

अर्पा नदीच्या या घळीत दोन जाती आहेत,
एक थोराड, एक लहान, बाकी सख्खे भाऊ.
थोरल्याची रेघ मानेशी रुंदावते, म्हणतात.
या 'म्हणतात'वरून मखितार आणि मी
दोन वर्षं भांडतो आहोत.
तो भूकंपमापन केंद्रात कारकून,
आकड्याखेरीज त्याला काही ऐकू येत नाही.
मी शाळेची व्हॅन चालवते,
पोरं सोडली की पाच तास मोकळी.

गावात दोघांनाही गवंडी म्हणतात.
कड्याच्या पोटाला चिकटवलेला मातीचा बुधला,
तोंडाशी बोटभर नळी,
लिंपणात भुंग्यांचे पंख, लोकरीचा दोरा, कसलीशी चमकी.
गातो तेव्हा शीळ समोरच्या कड्यावर आपटून
व्याजासकट परत येते
आणि तुम्ही कॅमेरा भलत्याच दगडावर रोखून बसता.
तो असतो डोकं खाली, शेपूट वर,
तुमच्या डाव्या कोपराशी.

आज नाझेली आली, एप्रनच्या खिशात जर्दाळू.
डोळे बारीक करून एकेक फोटो पाहिला.
"छान. पण कशाशेजारी?"
मग तिचाही फोन निघाला.
मुलगा क्रास्नोदारला फरशा बसवतो.
दर रविवारी फोटो, पांढऱ्या भिंतीपुढे एकटा.
"वाळलाय की नाही, कळायचं कसं?
सांगितलं, हातात काहीतरी धर. पाव धर.
तर हसतो."
तोंडातली आठळी काढून तिनं एप्रनला पुसली
आणि जाऊन कड्यालगतच्या दगडावर ठेवली,
वाणी तागडीत वजन ठेवतो तशी.

चाळीस मिनिटं काही नाही.
एक सरडा आठळीवर चढला, ऊन खाऊन गेला.
नाझेलीनं आणखी तीन जर्दाळू संपवले.
व्हॅनची वेळ होत आली.
मग तो उतरला, उड्या मारत, तिरका,
क्षणभर आठळीशेजारी थांबला, जणू तोच तिला मोजतोय.
उचलली. पडली. परत उचलली,
भेगेत कोंबली आणि सबंध अंगानं हाणू लागला,
टक्, टक्, टक्.
माझं फक्त बोट हलत होतं.

रात्री पडद्यावर पट्टी लावली.
चोचीपासून शेपटीपर्यंत साडेपाच आठळ्या.
म्हणजे लहान.
मखितारला कळवलं. लगेच उत्तर:
"आठळी कुठल्या झाडाची?"

सकाळी नाझेलीनं काड्यापेटी भरून आठळ्या दिल्या,
धुतलेल्या, वाळवलेल्या, सगळ्या त्याच झाडाच्या,
आणि एकीसारखी दुसरी नाही.
मधली धरू, मी म्हटलं.
ती काही बोलली नाही.
फोन पुढे केला फक्त.
"याचंही बघ ना, तुझ्या त्या पट्टीनं."

या रविवारी तो दारात उभा आहे,
एक हात चौकटीवर. पाव नाही.
मी दोनदा मोजलं.
दार पाच बोटं रुंद,
खांदे तीन, जरा कमीच.
आता क्रास्नोदारमध्ये दारं केवढी असतात
ते कुणाला विचारायचं?