हलू नका

औषध दहाला निघालं आणि नदीकाठच्या रस्त्यावर अडकलं.
शिशाच्या डब्यातलं ते चमचाभर पाणी
एकशे दहा मिनिटांत अर्धं विझतं;
मेदेयीनच्या ट्रॅफिकला त्याचं काय.

योलीमा तोवर बाकावर.
आंगोस्तुराहून पहाटे तीनची बस,
मांडीवर रानकेळीच्या पानात बांधलेलं ताजं चीज.
"तुमच्यासाठी, डॉक्टर."
मी डॉक्टर नाही, मी मशीन चालवतो.
हे ती दरवर्षी ऐकते, दरवर्षी हसते.

वय एकतीस.
आई दिओसेलीना सत्तेचाळिसाव्या वर्षी
कॉफीच्या बियांऐवजी शर्टाची बटणं भाजायला बसली.
मामा त्याच्याही आधी.
आजोबांना गाव 'खुळा' म्हणायचं,
तेव्हा एवढाच शब्द हाताशी होता.
घराण्यात नाक चालत येतं, तसं हे.

सुई. मग अंधाऱ्या खोलीत पन्नास मिनिटं.
मग माझं रोजचंच:
कानातलं काढून द्या. डोकं इथे. हलू नका.

वीस मिनिटं ती हलत नाही.
इतकं स्थिर मी झोपलेल्या मुलांना पाहिलंय
आणि उगारलेला हात पाहून थबकलेल्या कुत्र्यांना.

पडद्यावर एकेक चकती उमटते.
निळी, पिवळी, लाल.
मेंदूत असं लाल काही नसतं,
रंग आम्ही भरतो, यादीतून निवडून.
पण जिथे तो भरतो तिथे काहीतरी बसलेलं असतं,
किटलीच्या तळाशी क्षार धरतो तसं,
पाण्याची चव बदलायच्या कितीतरी वर्षं आधी.

मी पाहिलं.
काय पाहिलं ते बोलायचं नाही, असा करार.
तिची सही आहे त्यावर. माझीही.

ती उठून बसली. विचारलं एवढंच,
"हलले का मी?"
"नाही. जराही नाही."
"मग झालं तर," म्हणाली, आणि केस सारखे केले.

ती गेल्यावर खिशात हात घातला
तर तिची कानातली. दोन निळे मणी.
द्यायचेच राहिले.

बसथांब्यापर्यंत धावलो.
तिने तळहात पुढे केला, आणि माझ्याकडे निरखून पाहिलं,
मी पडद्याकडे पाहतो तसं.
"तुमचं वय काय हो?"
"बेचाळीस."
हसलो दोघंही. ती जरा जास्त वेळ.

चीज रात्री उघडलं.
मीठ अगदी बेताचं पडलेलं.